आईने आइसलँडला नेलेले तांदूळ

नागपूरहून निघायच्या आदल्या संध्याकाळी आईच्या बॅगेत मला तांदळाची पुरचुंडी सापडली. लोकरी मोज्यात खोचलेली. पांढऱ्या सुती फडक्यात बांधलेले मूठभर तांदूळ आणि सोबत परकराची कोरी नाडी, चांगली लांब. वजन जास्त होतंय म्हणून मी बॅग उपसत होते. आई दारात आली, तिने आधी मागे वळून बाबा कुठे आहेत ते पाहिलं आणि मग दार लोटून घेतलं.

"ठेव ते होतं तिथं."

"आई, आपण आइसलँडला चाललोय."

"मंग? तिथं गरम पाण्याचे झरे आहेत ना? तूच त सांगितलं."

मीच सांगितलं होतं. टूरवाल्यांचं पत्रक मी तिला वाचून दाखवलं होतं: संध्याकाळी गरम झऱ्याच्या पाण्यात स्नान, त्यानंतर नॉर्दर्न लाइट्स. तेव्हा ती भेंड्या चिरत होती. सुरी जरा थांबली होती, एवढंच.

तांदूळ कशाचे ते मला माहीत होतं आणि बाबांना माहीत नव्हतं.

बाबांची बायपास झाली तेव्हा ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसून आई नवस बोलली होती. पचमढीच्या वाटेवर डोंगराच्या पायथ्याशी एक गरम पाण्याचं कुंड आहे. आईच्या माहेरची, उमरेडची माणसं पूर्वी तिथे जायची. रीत अशी की मूठभर तांदूळ फडक्यात बांधून दोरीने कुंडात सोडायचे आणि जो भात शिजेल तो, ज्याच्यासाठी नवस केला त्याला खाऊ घालायचा. चूल नाही, विस्तव नाही, जमिनीतून आलेल्या पाण्याने जेवढं होईल तेवढं. बाबा हिंडू-फिरू लागल्यावर आई मला घेऊन तिथे गेली. मावशीकडे जातो असं घरी सांगितलं. कुंडाला आता टाइल्स लावल्या आहेत, बायकांसाठी वेगळा आडोसा केला आहे, सगळं छान आहे, फक्त पाणी कोमट आहे. आई दुपारभर दोरी धरून बसली. पुरचुंडी वर काढली तेव्हा तांदूळ फुगले होते, शिजले नव्हते. तिथला पुजारी म्हणाला, आजूबाजूला बोअर मारल्यापासून पाणी थंडच होत चाललंय, मन में भाव है तो हो गया, माताजी. आईने मान डोलावली. पण ते तांदूळ तिने घरी आणले नाहीत, बाहेर उभ्या असलेल्या गाईपुढे ठेवले.

बाबांना यातलं काही सांगायची सोय नव्हती. त्यांचं सगळं आयुष्य वीज मंडळात गेलं. नवसाचा विषय निघाला की ते म्हणायचे, "देवाले लाच, तीबी भाताची! निदान मटण त द्या." आई हसायची नाही. आणि आता बाबांना जिना चढताना पुन्हा छातीत भरल्यासारखं व्हायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, घाईचं काही नाही, फिरून या, परत आलात की अँजिओग्राफी करून पाहू. फक्त फार चालू नका आणि गरम पाण्यात उतरू नका. आईने हे शांतपणे ऐकलं. तिच्या डोक्यात या छातीच्या दुखण्याचं कारण ठरलेलं होतं. भात कच्चा राहिला होता.

"तिथलं कुंड आपल्या देवाचं आहे," मी म्हटलं. "हे कुठलं तरी परक्या देशातलं."

"पाणी जमिनीतून येते ना? मंग झालं. जमीन खालून एकच असते."

मला वेळेवर उत्तरं सुचत नाहीत. इंग्रजी शाळेत शिकले, घरी वऱ्हाडी, दोन्हींच्या मध्ये गप्प बसणं मला लवकर जमलं. दुकानात गर्दी असली की मी 'भैया' अशी हाक मारत नाही. त्याचं लक्ष जाईपर्यंत काउंटरला टेकून उभी राहते. पुरचुंडी मी मोज्यात परत खोचली.

सहलीचा हट्ट बाबांचा. यूट्यूबवर त्यांनी नॉर्दर्न लाइट्स पाहिल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांचं एकच चालू होतं: "आभाळात एवढी मोठी स्पार्किंग होते अन् काहीच ट्रिप होत नाही, हे मले एकदा डोळ्यानं पाहाचं आहे." दिवाळी झाल्यावर नागपूरहून एक ग्रुप निघणार होता, त्यात आम्ही नाव घातलं. पहिल्या दोन संध्याकाळी आभाळ भरलेलं होतं. ही तिसरी, शेवटची. दुसऱ्या दिवशी विमान होतं.

चार वाजताच अंधारायला लागलं होतं. बसमध्ये आमची गाइड माइक घेऊन उभी राहिली. उंच, लोकरी टोपी घातलेली, बोलताना हात अजिबात न हलवणारी बाई. ती इंग्रजीत सांगायची आणि मी आई-बाबांना हळू आवाजात मराठीत. मागच्या सीटवरच्या कामठीच्या काकू मान पुढे काढून ऐकायच्या. गाइड म्हणाली, आपण पोहणार तो तलाव सुरक्षित आहे, पण त्याच्या मागे उकळते झरे आहेत. लाकडी वाट सोडायची नाही, दोरी ओलांडायची नाही. जमीन वरून टणक दिसते, ती साय असते. खाली उकळतं पाणी आणि चिखल. मागे एका प्रवाशाचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला होता. तो पाय वाचला, पण त्याची कातडी नाही वाचली.

मी हे सगळं शब्दन् शब्द आईला सांगितलं. कातडीचंही.

"विचार तिले, पाणी किती गरम आहे?" आई म्हणाली.

"आई, नाही विचारणार मी."

कळमेश्वरच्या एका काकांनी आपणहून तेच विचारलं. त्यांना प्रत्येक ठिकाणी आकडा हवा असायचा. गाइड म्हणाली, अंडं उकडतं इतकं. आईला तेवढं इंग्रजी कळलं.

"अंडी शिजते म्हणते," ती बाबांना म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान आलं.

"खाऊन राहिली का तू अंडी?" बाबा म्हणाले. "शनिवार आहे ना तुझा?"

तलावाच्या इमारतीत बायकांचं कपडे बदलायचं दालन होतं. आत शिरल्या शिरल्या एक मोठा फलक: पाण्यात उतरण्याआधी सगळे कपडे काढून, साबण लावून आंघोळ करायची. पडदा नव्हता. एका ओळीत शॉवर, त्याखाली सगळ्या वयाच्या बायका, आणि एक कर्मचारी बाई कोणी चुकवत नाही ना हे पाहत फिरत होती. आमच्या ग्रुपमधल्या बायका दाराशीच घोळक्याने थांबल्या. कामठीच्या काकू म्हणाल्या, "मी त बापा इथंच बसते. माझ्या नवऱ्यानं नाई पाहिलं एवढं."

मी भिंतीकडे तोंड करून टॉवेल गच्च धरून उभी होते. आई मात्र सरळ शॉवरखाली गेली. "काहून लाजून राहिली वं? आंभोऱ्याच्या घाटावर काय पडदे लावले होते का?" असं म्हणत तिने माझ्या पाठीला साबण लावला, शाळेत असताना लावायची तसा, खसाखसा. तिच्या हाताला घाई होती. तेवढ्यात मी तिला विचारून घेतलं.

"ते लॉकरमध्येच आहे ना?"

"आहे."

"राहू देशील ना? शपथ?"

"शपथ कायले पाहिजे? राहू दिलं म्हटलं ना."

लॉकरची किल्ली तिच्या मनगटावर होती. मी मागितली असती तर तिने दिली नसती, आणि तिथे त्या अवस्थेत मी कोणाशी वाद घालणार होते?

पाण्यात उतरल्यावर पहिली काही मिनिटं मी सगळं विसरले. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि मानेपर्यंत ऊन पाणी. पायाखाली बारीक खडे. वाफ इतकी की ग्रुपमधली माणसं नुसत्या डोक्यांसारखी दिसत होती, त्यातली निम्मी प्लास्टिकच्या टोप्यांतली. काठावरच्या बाकावर बाबा दोन जाकिटं घालून बसले होते. त्यांना पाण्यात यायला बंदी, म्हणून माझा सोडून सगळ्यांचे मोबाइल त्यांच्याकडे; माझा लॉकरमध्ये होता. त्यांची मान सारखी वर.

"काही आहे का, साहेब?" कळमेश्वरचे काका पाण्यातून विचारत.

"भारनियमन चालू आहे," बाबा सांगत.

आई माझ्याजवळ होती. मग म्हणाली, "मले गरगरून राहिलं. मी आटपते, तू बस अजून." मी निघते म्हणाले तर तिने खांद्याला धरून मला पुन्हा पाण्यात बसवलं. "बस म्हटलं ना. आता इथं पुन्हा कधी येशील?"

मी बसले. वाफेत तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिले. आणखी थोडा वेळ गेला. मग पाणी अचानक नकोसं झालं. मी काठावर चढले आणि ओल्या पायांनी जवळजवळ धावत आत गेले. आमचा लॉकर उघडा होता. तिचे बूट नव्हते, जाकीट नव्हतं. मोज्यांचा जोड होता. तो मी दाबून पाहिला. दोन्ही मोजे रिकामे.

कपडे कसे चढवले आठवत नाही. केस ओलेच होते. बाहेर आल्यावर ते कानाशी कडक झाले.

लाकडी वाट तलावाच्या मागून जात होती. गुडघ्याएवढे खुंट, त्यांना बांधलेली दोरी, आणि अधूनमधून चिखलात रुतलेल्या पायाचं चित्र असलेली पाटी. पहिल्या झऱ्याला लोखंडी जाळी होती. दुसऱ्यालाही. तिसरा दोरीपासून आत होता, आणि वाटेवरून सोडली असती तर नाडी तिथवर पोचली नसती. आई त्याच्या काठाशी उकिडवी बसली होती. पाठ माझ्याकडे. घरी ओट्याखालचा डबा काढताना बसते तशी, आरामात. नाडी तिच्या उजव्या हाताला गुंडाळलेली होती आणि तिचं दुसरं टोक वाफेत गेलं होतं.

"आई," मी म्हटलं.

झरा खदखदत होता. मोठ्या पातेल्यात डाळ उसळते तसा, पण जमिनीला हादरे देत. माझा आवाज माझ्याच ओठांपाशी राहिला.

मी मोबाइलचा टॉर्च लावला. दोरीपासून तिच्यापर्यंत राखाडी, ओलसर जमीन होती आणि तिच्यावर आईच्या बुटांचे ठसे. पहिले नुसते उमटलेले. पुढचे जरा खोल. मधला एक ठसा बाकीच्यांसारखा नव्हता. त्याच्या तळाशी पाणी आलं होतं आणि त्या पाण्यातून वाफ निघत होती.

दोरीला हात लावला आणि तेवढ्यात कोणीतरी माझी बाही पकडली. गाइड. ती धावत आली असावी, पण बोलली अगदी हळू. आत जायचं नाही. एकाचं वजन ही जमीन पेलतेय, दोघांचं पेलेल की नाही सांगता येत नाही. तिला म्हणावं सावकाश उभी राहा, वळ, आणि आलीस त्याच ठशांवर पाय देत ये. तो मधला ठसा सोडून. तो ओलांडायचा. तिने मागे पाहून दुसऱ्या कर्मचाऱ्याला शिडी आणायला सांगितलं. शिडी इमारतीत होती. तोवर तिला हलू देऊ नकोस किंवा नीट आण, दोन्हींपैकी एक, असं ती म्हणाली.

बाबा तलावाच्या कोपऱ्यावर बसले होते, मला तिथून त्यांचं जाकीट दिसत होतं. मी ओरडले तर ते येणार होते. धावत येणार होते. आणि मी ओरडले नाही तर आईला ऐकू जाणार नव्हतं.

मी ओरडले.

कसा आवाज निघाला तो मलाच ओळखू आला नाही. आईने नुसती मान वळवली.

"आली का? थांब, होतच आलं."

"आई, उठ! हळूच उठ अन् मागे ये!"

"दोन मिनिटं वं. आता काढलं त भात तसाच राहीन पुन्हा."

"जमीन पोकळ आहे तिथली!"

"इथं त चांगली टणक आहे," ती म्हणाली आणि दाखवायला तिने टाच आपटली. गाइडच्या तोंडून तिच्या भाषेतला एक शब्द निघाला.

बाबा आले. धावत नव्हते, पण धाप लागलेली होती. त्यांच्यामागून ओले केस, टोप्या, टॉवेल, बाकावरून उचललेले मोबाइल असा सगळा ग्रुप.

"काय करून राहिली वं ती तिथं?"

मी टॉर्च आईवरच धरून ठेवला.

"विचारून राहिलो ना मी!"

"भात शिजवतेय," मी म्हटलं.

"कायचा भात?"

आई आमच्याकडे पाहत होती. टॉर्चच्या उजेडात तिचे डोळे मिटल्यासारखे झाले होते. तिला माझं उत्तर ऐकू गेलं नसतं, पण मी काय सांगते आहे ते तिला कळत होतं.

"तुमच्या ऑपरेशनचा. तिकडे पचमढीला शिजला नव्हता तो."

बाबांचा हात छातीकडे गेला. त्यांनी जाकिटाची चेन खाली ओढली, मान मोकळी केली आणि सरळ दोरीवरून पाय टाकला. मी आणि गाइडने मिळून त्यांना मागे ओढलं.

"बाबा, दोघांचं वजन नाही पेलणार. तिच्या पायाखालचं जाईल."

ते थांबले. एक पाय दोरीच्या आत, एक बाहेर. मग आतला पाय त्यांनी फार जपून उचलून बाहेर घेतला.

इकडे ग्रुपला कंठ फुटला होता. "वहिनी, उजवीकडून या, उजवीकडून!" "उजवीकडे वाफ आहे ना गा, डावीकडून!" "बसून सरका, वहिनी, सरपटत या!" आई प्रत्येक आवाजाकडे मान वळवत होती. ती उठली होती, आणि तिचं एक पाऊल कोणाचं तरी ऐकून बाजूला पडायला निघालं होतं.

"चूप!" बाबा ओरडले. हा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. "एकदम चूप सगळे! खांबावर माणूस असला की खालून एकच जण बोलते. दोन आवाज गेले की माणूस जाते." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ही बोलन. त्या बाईचं इंग्रजी हिले समजते. बाकी कोणाचा आवाज नाई पाहिजे मले."

पाण्याचा खदखदाट तेवढा राहिला. इतक्या माणसांसमोर मला एकटीला बोलायचं होतं.

"एक मी बोलतो, मंग तू," बाबा मला म्हणाले. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले. "अवं! शिजला असन तो! काढ अन् ये. मी खातो."

आई त्यांच्याकडे पाहत राहिली. मग खाली वाकली आणि नाडी ओढू लागली, विहिरीतून बादली ओढावी तशी, हातावर वेटोळे घेत. पुरचुंडी वर आली, तिच्यातून पाणी गळत होतं. ती तिने जाकिटाच्या खिशात घातली. कापड चांगलंच पोळत असणार, पण तिने हात झटकला नाही.

गाइड माझ्या कानाशी बोलत होती, मी ते पुढे देत होते.

"आता वळ. जागच्या जागी. पाय उचलू नको, फिरव. तुझे ठसे दिसतात का?"

"दिसते."

"पहिल्या ठशावर डावा पाय. आधी नुसता टेकव. भार मागच्यावरच ठेव. आता हळूच भार दे."

तिने दिला. जमीन किंचित दबली, पण थांबली. आणखी एक. तिच्या मागे, ती आत्ता जिथे बसली होती त्या काठाचा वीतभर तुकडा आवाज न करता पाण्यात गेला. तो मी पाहिला, गाइडने पाहिला. आईला सांगितलं नाही.

आणि तेव्हाच मागून कोणीतरी किंचाळलं, "आली! लाइट आली!"

आमच्या वस्तीत भारनियमन संपलं की पोरं ओरडतात, अगदी तस्संच. मग सगळेच ओरडले. माझ्या बाजूच्या सगळ्या माना एकदम मागे पडल्याचं मला जाणवलं. आईनेही वर पाहिलं. तिचं तोंड उघडं पडलं, आणि तिचा एक पाय हवेत होता.

"आई! खाली बघ!"

"अवं पण किती..."

"वर नोको पाहू! माझ्याकडेबी नोको पाहू! खाली! पायाकडे!"

तिने मान खाली घातली. मीही वर पाहिलं नाही. मला जे दिसलं ते एवढंच, की तिच्यासमोरच्या ठशातलं पाणी आधी काळं होतं आणि आता त्यात काहीतरी हिरवट हललं. वाफेच्या कडाही तशाच झाल्या. लोक हुंदके दिल्यासारखे आवाज काढत होते. कोणीतरी देवाचं नाव घेतलं.

"आता तो मधला आहे ना, पाणी भरलेला, त्याच्यात पाय नाही द्यायचा. त्याच्या पुढच्यात."

"लांब आहे वं तो."

"साडी नाही नेसलीस आज. टाक लांब."

"पडली त?"

"नाही पडत. हात बाजूला कर. माझा आवाज येतो ना? हं. टाक."

तिने पाय टाकला. मागचा पाय उचलताना त्या ठशाची कड ढासळली आणि फुस्स करून वाफ वर आली, तिच्या पोटरीला लागली असावी, ती कण्हली. पण पुढचा पाय ठशात बरोबर बसला होता. मग एक, मग एक, आणि गाइडने दोरीवरून वाकून तिचं जाकीट दोन्ही मुठींत धरलं आणि तिला अक्षरशः उचलून लाकडावर आणलं. शिडी घेऊन येणारा माणूस तेव्हा तलावाला वळसा घालत होता.

आईच्या बुटाचा तळ हाताला गरम लागत होता. पोटरीवर लाल पट्टा उमटला होता, फोड नव्हता. गाइड तिला खूप बोलली. आवाज न चढवता, एकेक शब्द वेगळा करत.

"काय म्हणते ती?" आईने मला विचारलं.

"रागावतेय."

"रागावू दे. बरोबर आहे तिचं," आई म्हणाली आणि गाइडपुढे हात जोडून उभी राहिली. त्यावर गाइडने बोलणं थांबवलं आणि तिच्या पोटरीवर थंड पाणी ओतायला घेऊन गेली.

मी वर पाहिलं तेव्हा आभाळात ढगाचा काठ होता, आणि त्याच्या मागे कुठे तरी थोडा फिकटपणा. तोही गेला. आम्ही बाहेर बराच वेळ थांबलो. कळमेश्वरच्या काकांनी मोबाइल पुढे करून फोटो दाखवले, सगळे हिरवेगार. कामठीच्या काकू आईला म्हणाल्या, "तुमच्या पायी आमची अर्धी लाइट गेली, वहिनी. जीव इकडं की तिकडं, काही समजेना." आणि तिच्या खांद्यावर आपला कोरडा टॉवेल टाकला.

मी बाबांना विचारलं, "तुम्ही पाहिली?"

"तिच्या पायाकडं पाहून राहिलो होतो ना," ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये आम्ही तिघं मागच्या बाकावर बसलो. आई खिडकीशी, मध्ये बाबा, मग मी. दिवे मंद केले होते. बऱ्याच वेळाने बाबांनी हात पुढे केला.

"दे."

"काय?"

"जे शिजवलं ते."

"तुम्ही त मानत नाही."

"मले भूक लागली आहे. मानाचा काय संबंध?"

आईने खिशातून पुरचुंडी काढली. गाठ ओली होऊन घट्ट बसली होती. ती तिने दातांनी सोडवली. गंधकाचा वास पसरला, उकडलेल्या अंड्यासारखा, आणि पुढच्या सीटवर कोणी तरी नाकाला रुमाल लावला. आत पांढरा गोळा होता. घरी भात झाला का पाहायला आई एक शीत बोटांत दाबते. इथे तिने हात मांडीवर ठेवला आणि पुरचुंडी तशीच बाबांपुढे धरली.

बाबांनी मोठा घास घेतला. बसचं इंजिन घरघरत होतं, हीटर चालू होता. आई त्यांच्या जबड्याकडे पाहत होती. त्यांनी चावलं, सावकाश गिळलं.

"शिजला?"

"शिजला," बाबा म्हणाले. "मीठ पाहिजे होतं थोडं."

आईने डोळे मिटले. मग प्रसाद देतात तसं चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवलं. मी तोंडात टाकलं. शितं बाहेरून मऊ होती. आत कणी होती. ती दाताखाली येतेय असं वाटताच मी चावायची थांबले, जीभ टाळूला लावली आणि सगळं तसंच गिळून टाकलं. बाबा समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होते. त्यांच्या घासात काय होतं ते मी विचारलं नाही.

फडक्याला चिकटलेलं उरलंसुरलं आईने बोटाने निपटून स्वतःच्या तोंडात टाकलं आणि काचेकडे तोंड केलं. ती बराच वेळ चावत होती.